निळा कंद आणि किल्लेदार

किल्लेदारांनी उभ्या आयुष्यात तपकिरीची चिमूटसुद्धा नाकाजवळ नेली नव्हती. चहा घ्यायचे तो सकाळी अर्धा कप, तोही बायकोला वाईट वाटू नये म्हणून. अशा माणसाला लोकांनी व्यसनी ठरवावं, आणि तेही एकमताने, गोड गोड बोलून, पाठीवरून हात फिरवत ठरवावं, याला काय म्हणायचं? किल्लेदार याला अन्याय म्हणत. फार चिडले की घोर अन्याय म्हणत. आणि त्या दिवसांत ते सकाळपासून फार चिडलेलेच असत.

किल्लेदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या इस्पितळाचं औषधांचं भांडार ते सांभाळत, आणि गुंगीच्या औषधांच्या लोखंडी कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असत. किल्ल्या सांभाळतो तो किल्लेदार, असा विनोद कुणीतरी केला आणि तो चिकटला. त्यांना तो मनातून आवडे. आवडतो असं त्यांनी कधी दाखवलं नाही, एवढंच.

सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. रविवारी दुपारी ती घरात एक खेळ चालवायची. हा खेळ म्हणजे पत्ते नव्हेत आणि बुद्धिबळही नव्हे. टेबलाभोवती चार डोकी जमायची, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, आणि तोंडानेच एक कथा रचत जायची. मुलगी सांगणार, "तुम्ही जंगलात आहात, समोर पूल तुटलाय," आणि बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. उडी जमली की नाही ते वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. खेळणाऱ्यांपैकी एकाची बदली झाली आणि जागा रिकामी पडली.

"बाबा, तुम्ही बसा ना," मुलगी म्हणाली.

"मी? या वयात खोटं खोटं खेळू?"

"वैद्याचं पात्र आहे. औषधांतलं कळणारं माणूस पाहिजे."

हे मात्र किल्लेदारांना पटलं. औषधांतलं कळणारं माणूस पाहिजे असेल तर नाही कसं म्हणणार? ते बसले. तीनशे वर्षांचा, लांब कानांचा, पहाडात राहणारा वैद्य त्यांनी मोठ्या जबाबदारीने स्वीकारला. पण या खेळात प्रत्येक पात्राला एक उणीव असावी लागते, आणि ती फासा टाकून ठरते. मुलीच्या मैत्रिणीला, म्हणजे दातांच्या डॉक्टरला, अंधाराची भीती मिळाली. मेहुण्याला गर्विष्ठपणा मिळाला. त्याला अभिनयाचे कष्टच उरले नाहीत. किल्लेदारांनी फासा टाकला आणि मुलीने नियमांच्या पुस्तकात पाहून जाहीर केलं, "व्यसन. निळ्या कंदाचं."

"बदल."

"फासा बदलता येत नाही, बाबा."

"मला भित्रा कर. आळशी कर. कंजूष कर हवं तर."

"कंजूष नको," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "मग खेळ कुठला आणि घर कुठलं, कळायचं नाही."

तर असे किल्लेदार नाइलाजाने व्यसनी झाले. एकदा गळ्यात पडलं ते काम नीट करायचं हा त्यांचा बाणा. पहिल्याच रविवारी त्यांनी डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, दोन्ही हात थरथरवले, "कंद! कंद!" असं ओरडत खुर्चीवरून घसरले, आणि सावरायला म्हणून पडदा धरला तो दांड्यासकट खाली आणला. मेहुणा पोट धरून हसला. मुलगीही हसली. दातांची डॉक्टर मात्र हसली नाही. पडदा गोळा करता करता ती म्हणाली, "काका, माझा मोठा भाऊ कित्येक वर्षं गोळ्या घेत होता. तो असा कधी लटपटला नाही. इस्त्रीचा शर्ट घालायचा. आल्यागेल्याची चौकशी करायचा. आणि खोटं बोलायचा. इतकं छान बोलायचा, की आम्हीच त्याला पैसे नेऊन द्यायचो."

मेहुण्याने हसू आवरलं आणि पडद्याचा दांडा उचलला.

"आता बरा आहे तो," ती म्हणाली. "पण हे असं नको करू या."

किल्लेदारांना ते फार लागलं. डॉक्टर हळवी झाली म्हणून नव्हे. आपलं काम चुकलं म्हणून. भांडारात त्यांच्या कामात कुणी चूक काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्या दिवसापासून ते दाढी करताना आरशासमोर उभे राहून सराव करू लागले. थरथर बंद. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा, आणि अगदी विश्वासाने, "आज शेवटचं. उद्यापासून बंद. तुला शब्द देतो." कधी हसून, कधी डोळ्यांत पाणी आणून, कधी जरा रागावून. न्हाणीघराची खिडकी इमारतीच्या चौकात उघडते आणि चौकात आवाज घुमतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कलावंताच्या ध्यानात अशा गोष्टी येत नाहीत.

सराव करूनही मनासारखं जमेना. तेव्हा मेहुण्याने सल्ला दिला. या मेहुण्याने दिलेला कुठलाही सल्ला आजवर कुणाला लाभला नव्हता, पण तो अशा थाटात देत असे, की घेणाऱ्याला दर वेळी वाटावं, हा तरी लाभेल.

"भावोजी, अभ्यास करा. मोठे नट काय करतात? जिथली भूमिका तिथे जाऊन बसतात. तुमच्या इस्पितळामागेच ते व्यसनमुक्ती केंद्र आहे. जा, दोन प्रश्न विचारा, या."

किल्लेदार जेवणाच्या सुट्टीत गेले. स्वागताच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. इतक्या प्रेमळ बाई किल्लेदारांनी कुठल्याच कचेरीत पाहिल्या नव्हत्या. त्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

"मला थोडी माहिती हवी होती," किल्लेदार म्हणाले. "माझ्यासाठी नाही. एका पात्रासाठी."

"हो हो," बाई म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या. पात्राचं नाव?"

"वैद्यराज."

"वय?"

"तीनशेच्या पुढे. नक्की आकडा अजून ठरायचाय."

बाईंनी अतिशय समजुतीने मान डोलावली. "आणि घेतात काय ते?"

"निळा कंद. पहाडात उगवतो. उगाळून घ्यायचा असतो."

बाईंनी संगणकावर 'इतर' असं टिपलं. "फोन कुणाचा लिहू?"

वैद्यराज राहतात त्या पहाडात फोन नव्हता. शिवाय माहितीची पत्रकं आली की कळवू, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून किल्लेदारांनी भांडाराचा नंबर दिला. मग त्यांनी समुपदेशकाला तासभर प्रश्न विचारले: माणूस कुठे लपवतो, घरच्यांना काय सांगतो, पकडला गेला तर आधी कुणावर चिडतो. समुपदेशक तरुण होता. शेवटी त्याने किल्लेदारांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुम्ही स्वतःहून आलात, हेच फार मोठं आहे."

"मी पात्रासाठी आलोय."

"हो. पात्राला सांगा, पुढच्या मंगळवारी या."

पुढच्या मंगळवारी पात्र गेलं नाही. भांडारातला फोन वाजला. किल्लेदार नेमके खोकी उतरवून घ्यायला बाहेर गेले होते, आणि फोन उचलला तो राउंडवर आलेल्या अधीक्षकसाहेबांनी.

"व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतेय," त्या प्रेमळ बाई म्हणाल्या. "आम्ही सगळं गुप्त ठेवतो हं, त्यामुळे जास्त काही सांगता येणार नाही. फक्त त्यांना म्हणावं, आज आला नाहीत, आम्ही वाट पाहिली."

किल्लेदार परत आले तेव्हा साहेब त्यांच्याच खुर्चीत बसले होते. गुंगीच्या औषधांचं कपाट उघडं होतं आणि दोन कारकून बाटल्या मोजत होते. सगळी मोजणी बरोबर भरली. साहेबांना तेही संशयास्पद वाटलं.

"इतकं बरोबर कसं?" ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या डब्यात साखरसुद्धा इतकी बरोबर नसते."

"साहेब, तो एक खेळ आहे. मी त्यात वैद्य आहे. फासा टाकल्यावर मला व्यसन लागलं."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच ते किती वाईट आहे हे किल्लेदारांना कळलं. पण अर्ध्यातून परत घेता आलं नाही.

"जुगार पण?" साहेब हळूच म्हणाले. आणि त्यांनी हात पुढे केला. किल्ल्यांसाठी.

त्या किल्ल्या कमरेच्या पट्ट्यातून काढताना किल्लेदारांना जे वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. कपडे काढून उभं केलं असतं तर कमी वाटलं असतं. "तात्पुरत्या हं," साहेब म्हणाले. "तुम्ही निर्व्यसनी आहात असा दाखला आणा, आणि लगेच परत घ्या."

घरी आले तर बायको त्यांच्या कपाटासमोर बसलेली. सगळे सदरे बाहेर, सगळे खिसे उलटे. साहेबांनी आपुलकीने घरीही फोन केला होता.

"तू सुद्धा?" किल्लेदारांचा आवाज फुटला.

"मग मी काय समजायचं?" बायकोचे डोळे लाल होते. "रोज सकाळी न्हाणीघरात 'आज शेवटचं, उद्यापासून बंद' चाललेलं असतं. मला वाटायचं, खेळाचंच असेल. आपल्या इमारतीच्या चेअरमनच्या बायकोने विचारलं तेव्हाही मी खेळाचंच सांगितलं. पण साहेबांचा फोन आला, आणि वाटलं... तुम्ही म्हणता ते इतकं खरं वाटायचं हो."

खरं म्हणजे हे किल्लेदारांच्या अभिनयाला मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र होतं. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. ते न जेवता झोपले. तेही लक्षण धरलं गेलं.

कारण आता प्रत्येक गोष्ट लक्षणच होती. "मी व्यसनी नाही" म्हटलं की लोक एकमेकांकडे बघत: नाकारतायत. गप्प बसलं की म्हणत, मान्य केलं. चिडलं की चिडचिड वाढलीय, आणि हसून बोलावं तर, आज घेतलेली दिसतेय. इमारतीच्या चेअरमननी जिन्यात गाठून सांगितलं, "मनाचा निग्रह करायचा. मी बघा, एका दिवसात साखर सोडली." ते हे सांगत असताना त्यांच्या हातात बेकरीची पिशवी होती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायला शिकवलं. किल्लेदारांना सर्दी होती, त्यामुळे त्यांचा जीव जाता जाता राहिला. मेहुणा म्हणाला, "भावोजी, आपल्यात काय लपवायचं? खरंच काही नाही ना?"

"अरे, तूच पाठवलंस ना मला तिथे!"

"हो, पण मी आपलं खेळासाठी पाठवलं. तुम्ही इतक्या पटकन गेलात, म्हणून मला वाटलं..."

त्या मेहुण्याला जिन्यावरून ढकलून दिलं नाही, हा किल्लेदारांच्या निर्व्यसनीपणाचा खरं तर सर्वांत मोठा पुरावा होता. पण पुरावा म्हणून तो कुणी घेतला नसता.

दाखल्यासाठी ते पुन्हा केंद्रात गेले. ताठ मानेने गेले.

"निर्व्यसनी असल्याचा दाखला?" प्रेमळ बाईंनी विचार केला. "तसा आमच्याकडे नसतो हो. आमच्याकडे व्यसनमुक्त झाल्याचा असतो."

"पण मी मुक्तच आहे! पहिल्यापासून!"

"तसा रकाना नाही. मुक्त व्हायला आधी बैठकांना यावं लागतं. सगळ्या बैठका झाल्या की लगेच मिळतो."

"म्हणजे व्यसन नाही हे सिद्ध करायला मी आधी व्यसनी असलं पाहिजे?"

"तुम्ही किती पटकन समजलात," बाई कौतुकाने म्हणाल्या. "काहींना फार वेळ लागतो."

तर किल्लेदार बैठकांना बसू लागले. गोलात खुर्च्या मांडलेल्या, आणि प्रत्येकाने आपलं सांगायचं. पहिल्या दिवशी त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहून गरजले, "मला कसलंही व्यसन नाही!" सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. शेजारचे वकील कानात म्हणाले, "मी पण याच वाक्याने सुरुवात केली होती. तुमचा आवाज जास्त चांगला आहे."

पुढच्या बैठकीत काय बोलावं, हा प्रश्नच होता. खोटं बोलणं किल्लेदारांना जमत नव्हतं, आणि खरं कुणाला चालत नव्हतं. शेवटी त्यांनी वैद्यराजांबद्दल सांगायला सुरुवात केली. वैद्यराज दुसऱ्यांच्या जखमा बांधतात. त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा आहे. आणि त्यांच्या औषधांच्या पेटीत, खालच्या कप्प्यात, कंद आहे. सोबत्यांपैकी कुणाला ते माहीत नाही.

"माहीत असतं," वकील म्हणाले.

"नाही, लपवून ठेवलाय."

"माहीत असतं हो. माझ्या बायकोला सगळ्या जागा माहीत होत्या. तिला माहीत आहेत हे मलाही माहीत होतं. आम्ही दोघं रोज नवरा-बायकोसारखं बोलत होतो, हवापाण्याच्या गप्पा मारत होतो, आणि दोघंही त्या एका कपाटाकडे बघायचं टाळत होतो. तुमच्या वैद्याला सांगा, लपवणं सोपं असतं. ते न बघणाऱ्या माणसाबरोबर जेवायला बसणं कठीण असतं."

किल्लेदार त्या दिवशी घरी गेले ते चिडलेले नव्हते. फार दिवसांनी असं झालं होतं, त्यामुळे त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी खेळात जंगल होतं, रात्र होती, आणि अंधाराला भिणारी दातांची डॉक्टर जखमी होऊन पडली होती. मुलीने विचारलं, "वैद्यराज, तुमच्याकडे गुंगीचं औषध उरलंय का?"

किल्लेदारांनी काही थरथर केली नाही. ते जखमी डॉक्टरकडे बघून हसले. "नाही गं बाळा, संपलं. काल त्या मेंढपाळाला दिलं, आठवतंय ना तुला? जरा सोस. मी आहे ना इथे." आणि हात नकळत टेबलाखालच्या नसलेल्या पेटीकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते म्हणाले, "तुला थंडी वाजतेय का? माझी शाल घे."

मेहुणा हसायचं विसरला. स्वयंपाकघराच्या दारात बायको पातेलं पुसत उभी होती, तिचे हात थांबले. दातांची डॉक्टर म्हणाली, "हो काका. असंच. अगदी असंच."

खेळ संपल्यावर बायको म्हणाली, "मी कपाट उचकायला नको होतं."

"नकोच होतं," किल्लेदार म्हणाले. माफ करणं हा त्यांचा स्वभाव होता, पण लगेच नव्हे.

बैठका संपल्या, दाखला मिळाला आणि किल्ल्या परत आल्या. पण साधेपणाने नाही. साहेबांनी इस्पितळाच्या सभागृहात सत्कार ठेवला. फुलांचा गुच्छ, माइक, आणि 'अंधारातून उजेडाकडे' असा फलक. साहेबांनी भाषणात किल्लेदारांचा पूर्वीचा काळ असा रंगवला, की किल्लेदारांनाच आपली कीव आली. मग उत्तर द्यायला त्यांना उभं केलं. किल्लेदारांनी माइक हातात घेतला आणि सगळं खरं सांगितलं. पात्र, फासा, कंद, काहीही न वगळता. "मी कधीही, काहीही, घेतलेलं नाही!" असं म्हणून त्यांनी माइक ठेवला तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पहिल्या रांगेतल्या नर्सबाई रडत होत्या. साहेब बाजूच्या डॉक्टरांना म्हणाले, "विनोदबुद्धी शाबूत आहे. फार चांगलं लक्षण."

संतापाने लाल होऊन किल्लेदार भांडारात परतले तर मेट्रनबाई दाराशी उभ्या. या बाईंचा सगळ्या इस्पितळाला धाक. साहेबसुद्धा त्यांना बघून शर्टाची बटणं चाचपत. आज त्या भिंतीला टेकल्या होत्या.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. आता घरातच असतो. मी केंद्राचं नाव काढलं की दार लावून घेतो. माझं ऐकत नाही, कुणाचंच ऐकत नाही. तुम्ही त्यातून गेलात. तुमचं ऐकेल."

किल्लेदारांनी तोंड उघडलं. बाई, मी त्यातून गेलो नाही, मी त्यात गेलोच नाही, हे वाक्य त्यांच्या जिभेवर होतं, तयार होतं, इतके दिवस घासूनपुसून लखलखीत झालेलं होतं. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"संध्याकाळी येतो," ते म्हणाले.

ड्रॉइंग मास्तर खाटेवर बसले होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. त्यांनी किल्लेदारांची अगदी अगत्याने चौकशी केली, खुर्ची पुढे ओढून दिली, आणि मग हसून विचारलं, "तर ताईने तुम्हाला पाठवलं. तुम्ही कशाचे?"

आता आली पंचाईत. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मेट्रनबाईंची आशा गेली. पण किल्लेदारांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"निळ्या कंदाचा," ते म्हणाले. "पण तो खरा नाही. एक खेळ आहे, त्यात मी तीनशे वर्षांचा वैद्य असतो. तेवढ्यावरून या लोकांनी माझ्या किल्ल्या काढून घेतल्या, बायकोने खिसे उलटे केले, आणि आज माझा सत्कार केला. मी एक थेंब, एक गोळी, काहीही घेतलेलं नाही, आणि एक माणूस ते ऐकायला तयार नाही!"

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. मग खांदे हलायला लागले. मग ते असे हसले, की बाहेर मेट्रनबाई घाबरून दारात आल्या.

"मी आजवर इतकी कारणं दिली," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "दाढदुखी, पाठदुखी, मेलेला मित्र. पण हे! हे मला कधी सुचलं नसतं."

"कारण नाही हो ते! खरं आहे!"

"असेल, असेल. वीस बाजूंचा फासा कसा असतो?"

"या रविवारी घरी, दाखवतो. पण आधी उद्या केंद्रात यायचं. मी नेतो."

"तुम्ही पण आत येणार असाल तर," मास्तर म्हणाले. "एकटा नाही जाणार मी."

दुसऱ्या दिवशी रस्ताभर किल्लेदार नियम समजावत होते आणि मास्तर "हो हो" म्हणत होते, ज्या सुरात आजवर सगळ्यांनी म्हटलं होतं अगदी त्याच सुरात. केंद्राच्या दारात प्रेमळ बाई उभ्याच होत्या. किल्लेदारांना बघताच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जवळ येऊन हलकेच दंडाला धरलं.

"अरेरे, पुन्हा?" त्या म्हणाल्या. "असू दे हं. होतं असं. नाव पुन्हा घालते."

किल्लेदारांच्या डोक्यात अशी काही तिडीक गेली, की चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी दम घेतला, बोट उचललं, तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं, की ड्रॉइंग मास्तर पायरीवरच थांबलेत. एक पाय वर, एक खाली, आणि नजर रस्त्याकडे.

"घाला," किल्लेदार ओरडले. "माझंच आधी घाला!" आणि पाय आपटत आत जाऊन ते गोलातल्या पहिल्या खुर्चीत बसले, आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून दाराकडे बघत राहिले.